जुना ट्रॅक्टर कां तापतो?

वाचकांपैकीं पुष्कळांस हा विषय मिस्त्रीच्या दुकानांतला वाटेल, शेतकीच्या मासिकांतला वाटणार नाहीं. परंतु उसानें भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेस उभी आहे, ट्रॅक्टराच्या तोंडांतून वाफेचा लोट निघत आहे आणि मालक डोकीस हात लावून शेजारीं बसला आहे, हें दृश्य ज्यानें मोहोळ-पंढरपूरच्या वाटेवर एकदांही पाहिलें नसेल असा मनुष्य आपल्या जिल्ह्यांत विरळा. तोडलेला ऊस उन्हांत पडला कीं त्याचें वजन घटतें व त्यांतील साखरही कमी होते. कारखान्यावरची पाळी चुकते. आणि एवढ्यावर न भागतां एंजिनाचें हेड तडकलें, तर हंगामाची सारी मिळकत एका दुपारीं नाहींशी होते. म्हणून हा विषय शेतकऱ्याचाच आहे असें आम्ही समजतों.

नव्या ट्रॅक्टरांची भर रोज पडत असली तरी जुन्यांनीं अद्याप रजा घेतलेली नाहीं. १९६३ सालीं महिंद्र, व्होल्टास व अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्व्हेस्टर यांनीं मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, व तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर देशभर पसरला. मॅसी फर्ग्युसनचे १०३५ हेही तसेच चिवट. पिंजोर येथील एच. एम. टी. चा ट्रॅक्टरांचा कारखाना २०१६ सालीं बंद करण्याचें ठरलें. त्याचे ट्रॅक्टर मात्र शेतांतून अजून दिसतात. दोन-तीन मालकांच्या हातांखालून गेलेलें असें यंत्र स्वस्तांत मिळतें म्हणून लहान शेतकरी तें घेतो, आणि त्याबरोबर मागल्या मालकांनीं केलेल्या सगळ्या हयगयी घेतो. (१९५९ सालीं फरिदाबादेस निघालेल्या आयशर ट्रॅक्टराचें एंजिन हवेनें थंड होणारें होतें. तसल्या एंजिनाच्या मालकास पुढील विवेचन अर्धेंच लागू आहे. त्यानें पंखा व एंजिनाच्या अंगावरील पात्यांची सफाई पाहिली म्हणजे झालें.)

प्रथम एक हिशेब ध्यानांत घ्यावा. डिझेल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिच्यापैकीं ढोबळ मानानें एक-तृतीयांशच कामीं येते. तितकीच धुरावाटें जाते आणि उरलेलीचा बहुतेक भाग पाण्यानें उचलून रेडिएटरांतून हवेंत टाकावा लागतो. म्हणजे पस्तीस अश्वशक्तीचें काम करणारें एंजिन जवळजवळ तितक्याच शक्तीची उष्णता सारखी बाहेर फेंकीत असतें. ही उष्णता हवा किती घेईल, हें पाणी व हवा यांच्या उष्णतामानांतील फरकावर अवलंबून असतें. पाणी ९० अंशांवर व हवा ३० अंशांवर असतां फरक ६० अंशांचा. हीच हवा वैशाखांत ४३ अंशांवर गेली कीं फरक ४७ अंशांचा उरतो. रेडिएटर तोच, पण त्याचें सामर्थ्य पांचव्या हिश्शाहून अधिक कमी झालें. जो ट्रॅक्टर संक्रांतीस निमूटपणें चालतो तोच उन्हाळी नांगरटीस कां तापतो, याचें अर्धें उत्तर येथें आहे. त्यांत नवा बिघाड झालेला नसतो; जुना बिघाड जो झांकलेला होता तो उघडा पडतो. शिवाय सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशें मीटरांहून अधिक उंचीवर असल्यामुळें येथें उघडें पाणी शंभर अंशांपर्यंत न थांबतां साडेअठ्ठ्याण्णवाच्या सुमारासच उकळूं लागतें.

पाण्याचा मार्ग सोपा आहे. रेडिएटराच्या तळाशीं निवालेलें पाणी खालच्या रबरी नळीवाटें पंप ओढून घेतो व एंजिनाच्या पोटांत, सिलिंडरांभोंवतीं फिरवितो. तें वर हेडांत येतें, थर्मोस्टॅट नांवाच्या झडपेंतून व वरच्या नळींतून पुन्हां रेडिएटराच्या माथ्यावर पडतें, आणि बारीक नळ्यांतून उतरतांना पंख्याच्या वाऱ्यानें निवतें. विहिरीवरचें जुनें ऑईल एंजिन ज्यांनीं चालविलें आहे त्यांस ही व्यवस्था नवी वाटेल. किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं पुण्यास निघाली, आणि तसल्या एंजिनांवर आपल्याकडे बागाईत वाढली. तेथें कित्येक ठिकाणीं उपशाच्याच पाण्याची एक बारीक धार एंजिनांतून खेळवून पाटांत सोडून देत. विहिरींत पाणी आहे तोंवर एंजिन तापण्याची भीति नसे. ट्रॅक्टरास मात्र दहा-बारा लिटर पाणी हीच सारी विहीर. तेंच पाणी पुन्हां पुन्हां फिरावयाचें.

आणि पाण्याचीच आपल्याकडे खरी अडचण आहे. आपली जमीन काळी व चुनखडीची. पुष्कळ विहिरींच्या व बोअरच्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं, साबणास फेस येत नाहीं. न्हाणीघरांतील तांब्याच्या बंबाच्या आंत जी पांढरी खपली बसते ती प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तीच खपली एंजिनाच्या पोटांत बसते, फक्त ती दिसत नाहीं. असल्या थरांतून उष्णता बिडाच्या मानानें सुमारें वीस पटींनीं कमी वाहते. त्यामुळें बाहेरचें पाणी कोमट असूनही आंतील सिलिंडर होरपळत असतो, असा प्रकार घडतो.

येथें एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. एकदां भरलेलें पाणी आपल्या अंगचा चुना एकदांच टाकतें; मग तें कितीही तापलें तरी नवा थर देत नाहीं. रोज सकाळीं घागर ओतणारा मात्र रोज नवा चुना ओततो. लिटरामागें अर्धा ग्रॅम चुना असणारें पाणी रोज तीन लिटर वाफेनें उडत असेल, तर पांच महिन्यांच्या गळितांत पावकिलोच्या आसपास खडी त्या लहानशा जागेंत सांठेल. म्हणून "थोडें पाणी लागतें, पण चालतो चांगला" असें जो आपल्या ट्रॅक्टराविषयीं म्हणतो, त्यानें सर्वांत आधीं तें पाणी कोठें जातें हें शोधावें.

आतां आमचा स्वतःचा अनुभव सांगतों, कारण त्यांत आमची फजिती आहे व ती इतरांच्या उपयोगीं पडेल. आमचा ट्रॅक्टर तीस वर्षांचा. गेल्या कांहीं वर्षांपूर्वीं फेब्रुवारींत तो चढावर तापूं लागला. सपाटीवर कांटा मध्यावर. गियर उतरवून एंजिनाचा वेग वाढविला कीं कांटा तांबड्या रेषेकडे. एका मिस्त्रीनें थर्मोस्टॅट काढून फेंकून दिला व "आतां मोकळा श्वास घेईल" असें आश्वासन दिलें. गुण आला नाहीं. दुसऱ्यानें रेडिएटर उतरवून, वरची टाकी सोडवून, प्रत्येक नळींतून सळई फिरवून घेतली. थोडी माती निघाली, बरेच पैसे गेले, पण तापणें तसेंच. मग नवें झाकण झालें, नवा कांटा झाला. उसाच्या चार खेपा चुकल्या, आणि एंजिन उघडावें लागणार, हेड काढावें लागणार, अशी भाषा सुरू झाली.

त्या सुमारास शेजारच्या गांवांतील एक वृद्ध फिटर सहज घरीं आले होते. त्यांची उमेद सोलापुरांतील एका कापडगिरणीच्या बॉयलरवर खर्च झालेली. त्यांनीं हत्यारास हातही लावला नाहीं. ते एवढेंच म्हणाले, "मालक, त्ये पाने ऱ्हाऊं द्या. आदी सांगा, ह्यो तापतो कवा?" आम्ही सांगितलें. त्यांनीं एंजिन सुरू करून गरम होऊं दिलें, आमच्या मुलास वेग वाढवावयास सांगितलें, आणि स्वतः लांब उभे राहून वांकून खालच्या रबरी नळीकडे पाहत राहिले. वेग वाढला तशी ती नळी आपोआप चेपत गेली. शेवटीं वाळलेल्या शेंगेसारखी चपटी झाली. वेग उतरला, नळी पुन्हां गोल. खालची नळी ही पंपाच्या ओढीची बाजू. ती चेपूं नये म्हणून तिच्या आंत तारेचें वेटोळें असावें लागतें. मागल्या मालकानें नळी बदलतांना तें घातलें नव्हतें, व रबर मऊ पडल्यावर ओढीनें नळी मिटूं लागली. एंजिनास जेव्हां अधिक पाणी हवें तेव्हांच वाट बंद! वेटोळें असलेली नवी नळी बसवितांच रोग गेला. किंमत सांगण्याची आम्हांस लाज वाटते.

तात्पर्य काढण्याचें काम वाचकांवर सोंपवून आम्ही त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतों, कारण शोधाची सुरुवात तेथूनच करावयाची. ट्रॅक्टर केव्हां तापतो? उभ्यानें मळणीयंत्र चालवितांना तापतो व रस्त्यावर धांवूं लागला कीं निवतो, तर वाऱ्याचा दोष आहे: पंखा, पट्टा किंवा बाहेरून बुजलेली जाळी. उलट, उभ्यानें ठीक असून ओझ्यावर व वेगांत तापतो, तर पाणी पुरेसें फिरत नाहीं: रेडिएटराच्या नळ्या आंतून बुजल्या, पंपाचीं पातीं झिजलीं, किंवा आमच्यासारखी नळी मिटते. थंड एंजिन सुरू केल्यापासून पांच-दहा मिनिटांतच कांटा वर चढतो आणि रेडिएटराचा माथा हातास मात्र थंड लागतो, तर थर्मोस्टॅट बंदच अडकला असण्याचा संभव अधिक. तास-दोन तास नांगरट झाल्यावर हळूहळू चढतो, तर क्षारांचा थर. आणि कोठेंही गळतांना दिसत नसतां पाणी रोज कमी होतें, तर गॅस्केटाची शंका घ्यावी.

परंतु त्याहीआधीं एंजिन खरोखर तापतें काय हें पाहावें. जुन्या कांट्यांवर भरंवसा ठेवूं नये. ज्या कांट्याची तांब्याची बारीक नळी थेट एंजिनापर्यंत जाते, त्याचें टोंक थंड एंजिनांतून सोडवून उकळत्या पाण्यांत धरावें; कांट्यानें ९८ च्या आसपास दाखविलें पाहिजे. शंभर अंश दाखविण्याचा हट्ट धरून सोलापुरांत कोणी कांटा बदलूं नये. विजेच्या कांट्यास ही कसोटी इतकी सोपी नाहीं; तेथें रेडिएटराच्या माथ्याचें उष्णतामान दुसऱ्या मापकानें ताडून पाहणें बरें.

बाहेरची जाळी बुजणें हें आपल्याकडील सर्वांत सामान्य कारण होय, आणि सर्वांत दुर्लक्षितही. ज्वारीच्या मळणीचें भुसकट, उसाच्या पाचटाचे तुकडे, रस्त्याची धूळ, व यांना चिकटवून ठेवणारा तेलाचा हात, यांचा मिळून असा लेप होतो कीं त्यांतून वारा जाणें शक्य नसतें. पुढून झाडलेली जाळी स्वच्छ दिसते. कचरा आंत, दोन थरांमध्यें असतो. वारा पुढून मागें वाहतो, म्हणून धुणें मागून पुढें करावें, म्हणजे ज्या वाटेनें कचरा आला त्याच वाटेनें तो परत जातो. एंजिन थंड असावें. साबणाचें पाणी शिंपून थोडा वेळ मुरूं द्यावें, मग साध्या नळीनें धुवावें. मोटारी धुण्याच्या जोरदार फवाऱ्यानें मऊ पातीं लवून कायमचीं बंद होतात. मळणीच्या दिवसांत हें काम रोज संध्याकाळीं करावें. त्यास दहा मिनिटें पुरतात.

पंख्याचा पट्टा दोन पुल्यांच्या मध्यावर आंगठ्यानें दाबला असतां अर्धा ते पाऊण इंच लवावा. ढिला पट्टा घसरतो, पंखा व पंप दोन्ही मंदावतात. फाजील ताणलेला पट्टा पंपाचें बेअरिंग खातो. पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक भोंक असतें, त्यांतून पाणी ठिबकूं लागलें तर आंतील सील गेलें असें समजावें. तें भोंक लाकडाची खुंटी ठोकून बंद करणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. पंखा काढून उलटा बसविला गेला असेल तरीही वारा निम्मा होतो. आणि पंख्याभोंवतीं असणारें पत्र्याचें कवच "अडचण होते" म्हणून काढून ठेवलेलें असेल, तर तें माळ्यावरून खालीं आणून पुन्हां बसवावें. तें शोभेसाठीं नसतें.

आतां झाकणाविषयीं. रेडिएटराचें झाकण हें घागरीच्या झांकणीसारखें नाहीं. ती एक स्प्रिंगची झडप आहे. सात पौंडांचें झाकण आंत तेवढा दाब धरून ठेवतें व त्यामुळें पाणी दहा-अकरा अंश उशिरां उकळतें. रबर वाळलें, स्प्रिंग ढिली पडली, कीं हा लाभ जातो व पाणी उकळून बाहेर पडतें. एंजिन निवल्यावर जर रबरी नळ्या खोल गेलेल्या दिसल्या, तर त्याच झाकणांतील दुसरी, हवा आंत घेणारी लहान झडप चिकटलेली आहे.

याच दाबामुळें तापलेलें झाकण उघडणें हें अत्यंत घातक आहे. आमच्या शेजारच्या वस्तीवरील एका तरुणानें घाईघाईनें तें उघडलें. दाब सुटतांच आंतलें सगळें पाणी एकदम उकळून त्याच्या तोंडावर व हातावर आलें. डोळे वांचले हें दैव. भाजलेल्या जागीं कोणी हळद, कोणी दांत घांसण्याची पेस्ट लावण्यास धांवतात. तसें कांहीं करूं नये. वाहत्या थंड पाण्याखालीं वीस मिनिटें ती जागा धरावी, स्वच्छ कापडानें झांकावी आणि दवाखाना गांठावा. झाकण उघडण्यापूर्वीं निदान अर्धा-पाऊण तास थांबावें. मग जाड पोतें चौपदरी घालून, तोंड बाजूस करून, पहिल्या खांचेपर्यंतच फिरवावें व फुसफुस थांबल्यावर पुढें न्यावें.

वाटेंत कांटा तांबड्यावर गेला तर ओझें उतरवावें, म्हणजे गियर काढून उभें राहावें. पाणी आंत आहे व पट्टा शाबूत आहे, तर एंजिन लागलीच बंद न करतां थोड्या वेगानें दोन-चार मिनिटें रिकामें चालूं द्यावें. पंखा व पंप चालू राहिल्यानें तें सावकाश निवतें. परंतु पट्टा तुटला असेल, नळी फुटली असेल अथवा पाणी वाहून गेलें असेल, तर त्याच क्षणीं बंद करावें. आणि तापलेल्या, कोरड्या एंजिनांत गार पाणी कदापि ओतूं नये. तापलेल्या तव्यावर पाणी पडल्यास काय होतें हें सर्वांस ठाऊक आहे. बिडाचें हेड तव्याहून शहाणें नसतें. तें निवल्यानंतर, एंजिन मंद चालू ठेवून, कोमट पाणी थोडथोडें घालावें.

थर्मोस्टॅटावर आपल्याकडील मिस्त्रींचा राग कां आहे कळत नाहीं. "आपल्या गरम मुलखांत त्याचें काय काम?" असा त्यांचा सवाल असतो. काम असें कीं एंजिन लवकर गरम व्हावें व गरमच राहावें. थंड चालणाऱ्या एंजिनांत डिझेल पुरतें जळत नाहीं, तें तेलांत उतरतें, आणि सिलिंडराच्या भिंतीवर आम्ल ओलावा धरून झीज वाढते. शिवाय कांहीं एंजिनांत हीच झडप उघडतांना बाजूची आडवाट बंद करीत असते. ती काढली कीं बरेंचसें पाणी रेडिएटरास वळसा घालून तसेंच गरम परत जातें, म्हणजे तापण्यावर केलेल्या उपायानें तापणेंच वाढतें. झडप तपासणें घरच्या घरीं होतें. ती पातेल्यांत दोऱ्यानें लोंबकळत ठेवून पाणी तापवावें व मापक धरावा. तिच्यावर कोरलेल्या आंकड्याजवळ (बहुधा ७५ ते ८५ अंशांच्या दरम्यान) ती उघडूं लागली पाहिजे व पाणी निवतांना मिटली पाहिजे. अडकली असेल तर नवी घालावी.

आंतील थर काढण्यासाठीं बाजारांतील तीव्र अॅसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरण्याचा मोह टाळावा. त्यांनीं डाख, पितळ व अॅल्युमिनियमचे भाग खाल्ले जातात. लिंबूसत्त्व हें त्या मानानें सौम्य व सहज मिळणारें आहे. दहा लिटर पाण्यास अर्धा किलो या प्रमाणांत विरघळवून भरावें, एंजिन गरम करून अर्धा-पाऊण तास मंद चालवावें, निवल्यावर सर्व काढून टाकावें. मग मूठभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानें एकदां व साध्या पाण्यानें दोनदां धुवावें. पाणी काढतांना रेडिएटराच्या तोटीबरोबर ब्लॉकच्या बाजूचा नट अथवा तोटीही उघडावी. तेथून कांहींच आलें नाहीं तर आनंद मानूं नये. भोंक गाळानें बुजलें आहे. तारेनें टोंचून तें मोकळें केल्यावर जो तांबूस चिखल निघतो तो पाहिला म्हणजे एवढे दिवस हें एंजिन चाललें कसें याचेंच नवल वाटतें. एक सावधगिरी सांगणें जरूर आहे: फार जुन्या रेडिएटरांत कित्येकदां हा थरच भोंकें बुजवून बसलेला असतो, व तो गेल्यावर गळती सुरू होते. म्हणून हें काम ऐन गळितांत करूं नये, पावसाळ्याच्या तोंडीं सवडीनें करावें. याउपर नळ्या मोकळ्या झाल्या नाहींत, तरच डाखकाम करणाऱ्याकडून टाकी सोडवून सळई फिरवून घ्यावी.

गॅस्केटाची परीक्षा अशी. थंड एंजिनाचा पट्टा काढावा म्हणजे पंप फिरणार नाहीं. पाणी तोंडोतोंड भरून झाकण उघडेंच ठेवावें, व एंजिन सुरू करून एक-दोन मिनिटें वेग वाढवून पाहावा. पाणी गरम होण्यापूर्वींच सारखे बुडबुडे येऊं लागले, तर जळालेला वायु पाण्यांत शिरत आहे. पट्टा नसल्यामुळें एंजिन फार वेळ चालवूं नये. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल ताकासारखें फेसाळ पांढरट दिसलें, तर पाणी तेलांत उतरलें आहे, व त्या स्थितींत ट्रॅक्टर एक फर्लांगही हांकूं नये. हेड काढलेंच तर तें सपाट आहे कीं वांकलें, हें सरळ पट्टी ठेवून पाहिल्यावांचून नवें गॅस्केट घालूं नये. नाहींतर महिन्याभरांत तेंच काम पुन्हां.

कांहीं वेळां पाण्याचा बिचाऱ्याचा दोषच नसतो. हवेच्या गाळणीचें तेल चिखल झालेलें असतें. ब्रेक धरून राहिलेले असतात. डिझेलचा पंप "ओढ वाढावी" म्हणून सील तोडून चढविलेला असतो व धूर काळा येत असतो. आणि एका ट्रॅक्टरामागें दोन-दोन ट्रॉल्या, त्याही बाजूच्या फळ्यांवर हातभर चढलेल्या, लावण्याचा जो प्रघात पडला आहे, त्यास कोणताही रेडिएटर पुरा पडणार नाहीं. खेप वांचते हें खरें. परंतु पस्तीस अश्वशक्तीच्या जुन्या एंजिनाकडून तासनतास पूर्ण ताकद काढणें म्हणजे म्हाताऱ्या बैलास रोज शर्यतीस जुंपणें होय, आणि अशा ओझ्यानें वाटेवर होणारे अपघात ही तर वेगळीच व अधिक गंभीर गोष्ट आहे.

भरण्यास पाणी कोणतें घ्यावें? पत्र्यावरून उतरणारें पावसाचें पाणी सर्वांत उत्तम. पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊं द्याव्या, म्हणजे पत्रा धुऊन निघतो. मग दोन पिंपें भरून झांकून ठेवलीं कीं वर्षाची बेगमी होते. तें नसेल तर बॅटरीचें शुद्ध पाणी, अथवा आतां पुष्कळ गांवांतून मिळणारें आर. ओ. चें पाणी चालेल. कालव्याचें पाणी तुरटीनें निवळतें खरें, पण तुरटीनें फक्त गाळ बसतो, क्षार जात नाहींत. त्या पाण्यांत तयार कूलंट मिसळावें. आपल्याकडे बर्फ पडत नाहीं म्हणून कूलंट नको, असा समज आहे. परंतु तें गंज रोखतें, पंपाचें सील टिकवितें, आणि निम्में-निम्में मिसळल्यास उकळण्याचा बिंदूही कांहीं अंशांनीं वाढवितें. तें दर दोन वर्षांनीं बदलावें. मात्र तें विषारी आहे व चवीस गोड असतें. काढलेलें पाणी अंगणांत किंवा डोणीजवळ ओतूं नये. कुत्रें, शेळी, वासरूं तें आवडीनें पितें व त्यानें मरतें. मुलांच्या हातीं लागेल अशा सरबताच्या बाटलींत तर तें कधींच ठेवूं नये.

गळीत संपल्यावर ट्रॅक्टर दोन-तीन महिने उभा ठेवावयाचा असेल, तर कूलंट घातलेलें पाणी तसेंच राहूं द्यावें. साधें पाणी असल्यास ओला बीड उघडा ठेवण्यापेक्षां कूलंट मिसळून भरलेलेंच बरें. दुरुस्तीसाठीं पाणी काढून ठेवावें लागलें, तर मोठ्या अक्षरांत "पाणी नाहीं" अशी पाटी करून ती स्टिअरिंगच्या चाकास सुतळीनें बांधावी, आणि किल्ली घरांत टांगण्याच्या खुंटीवर तसलाच दुसरा कागद लावावा. कारण ज्यानें पाणी काढलें तो बाजारास गेलेला असतो, आणि ट्रॅक्टर सुरू करणारा दुसराच कोणीतरी असतो.